दोन बादल्या पाणी

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरी नावाचे गाव आहे. येथील मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. भोवताली जंगल, जंगलाच्या कडेने धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या उशाशी तलाव, अशी या मुलखाची ठेवण आहे. याच तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून इटियाडोहाचे विस्तीर्ण धरण बांधलेले आहे. त्याहूनही कितीतरी जुने आहेत ते येथील गावतलाव. कोहळी समाजातील कुशल लोकांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने हेरून, मातीच्या पाळी घालून हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून त्यांना ‘माजी मालगुजारी’ किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ असे म्हणतात.

या भागात पावसाळ्यात पाऊस भरपूर पडतो. रोवणीच्या दिवसांत बांध्यांतून चिखल, बांध्यांकडे जाणाऱ्या वाटांवर चिखल आणि त्या वाटांवरून येणाऱ्या प्रत्येक चाकालाही चिखल! पूर्वी हा चिखल बंडीच्या चाकांना लागे. आता तो सायकलींना, मोटारसायकलींना आणि ट्रॅक्टरांना लागतो. शहरात गाडी धुण्यासाठी नळाला रबरी नळी लावतात आणि पाण्याचा फवारा सोडतात. खेड्यात ही सोय क्वचितच असते. पाणी विहिरीवरून किंवा हातपंपावरून बादलीने आणावे लागते. मग नळी नसताना गाडी स्वच्छ कशी ठेवावी? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता पुष्कळ गोष्टी शिकावयास मिळतात. या भागातील एका घरची गोष्ट आहे, असे समजून ती वाचा.

दसऱ्याचा आदला दिवस होता. दसऱ्याला आपल्याकडे अवजारांची व वाहनांची पूजा करतात. त्यासाठी गाडी लख्ख हवी, म्हणून थोरल्या भावाने मोटारसायकल बाहेर काढली. धाकट्यानेही आपली सायकल घेतली. दोघेही तलावाच्या वाटेला लागणार, तोच ओसरीवर बसलेल्या आजोबांनी हाक मारली, “अरे, गाड्या घेऊन कोठे निघालात?”

“तलावावर, आजोबा,” थोरला म्हणाला. “काठाशी गाडी पाण्यात घातली, की घटकाभरात साफ होईल. आपल्याकडे नळी कोठे आहे?”

“आणि गाडीच्या अंगावरचे तेल कोठे जाईल?” आजोबांनी विचारले.

“तेल कितीसे असणार! साखळीला थोडे आणि इंजिनाच्या खाली थोडे. सगळे मिळून चमचाभरही भरायचे नाही. एवढा मोठा तलाव. त्यात चमचाभर तेलाने काय होणार?”

मुलांनो, थोरल्याचा हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष प्रयोग करून दिले आहे. बेंजामिन फ्रँकलिन हे त्याचे नाव. आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेतील वीज एकच आहे, हे सिद्ध करण्यासाठी झटणारा अमेरिकेतील हाच तो फ्रँकलिन. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील एका तळ्यात त्याने चहाच्या चमच्याइतके तेल ओतले. पाहता पाहता ते पसरत गेले आणि सुमारे अर्धा एकर पाण्याचा पृष्ठभाग त्याने व्यापला. या प्रयोगाचा वृत्तांत १७७४ साली प्रसिद्ध झाला. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एका चमच्याने वीस गुंठे पाणी झाकले जाते, तर गावातील सगळ्या गाड्या तलावात धुतल्या, तर काय होईल?

तेलाचा हा पापुद्रा इतका पातळ असतो, की तो कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही. परंतु पाण्याला हवेतून प्राणवायू मिळतो तो पृष्ठभागातूनच. आणि त्या प्राणवायूवर मासे जगतात. फ्रँकलिनने वापरले ते साधे तेल होते. इंजिनाच्या तेलात तर झिजलेल्या धातूंचे कण आणि इतरही अपायकारक पदार्थ असतात. तेलाबरोबर साबणाचा फेसही पाण्यात उतरतो. ज्या काठाशी गाडी धुवावी, त्याच काठाशी संध्याकाळी गुरे पाणी पितात. त्याच पाण्यात ढिवर बांधव जाळे टाकतात, त्याच पाण्यात शिंगाडा वाढतो आणि तेच पाणी पाटाने बांधीत जाते. महाराष्ट्रात आता सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. तोही तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आश्रयानेच जगतो. एकाच्या सोयीसाठी इतक्या जिवांच्या तोंडचे पाणी नासवणे, हे शहाणपणाचे नव्हे. पाण्याचे प्रदूषण रोखण्यासाठी आपल्या देशात १९७४ साली कायदाही झाला आहे. परंतु कायद्याआधी तलावाची आठवण ठेवावी, हे बरे.

आजोबांनी हे शास्त्र पुस्तकात वाचलेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, “ज्या पाण्याला आपली गुरे तोंड लावतात, त्यात आपण गाडीचे तोंड धुवायचे नाही. हातपंपावरून दोन बादल्या पाणी आणा. तेवढ्यात दोन्ही गाड्या निघतील.”

“दोनच बादल्या?” थोरला हसला. “शहरात तर एका गाडीला नळी लावून दहा मिनिटे धुतात.”

येथे आपण थोडे गणित करू. साध्या नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज वाहते. म्हणजे दहा मिनिटांत शंभर ते दीडशे लिटर पाणी गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातील प्रत्येक माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण ठरवण्यात आले. पिणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, भांडी हे सर्व त्यात आले. तेव्हा नळीखाली एक गाडी धुणे म्हणजे दोन ते तीन माणसांचे एका दिवसाचे पाणी रस्त्यावर सोडून देणे होय. याउलट पंधरा लिटरच्या दोन बादल्या म्हणजे अवघे तीस लिटर.

पाण्याची किंमत ते दुर्मीळ झाल्यावरच कळते. २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी इतके आटले, की मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. ‘जलदूत’ असे त्या गाडीस नाव पडले. एप्रिल महिन्यात पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात २०१८ साली माणशी दिवसाला ५० लिटरच पाणी वापरावे, असा नियम करावा लागला. बंगळुरूमध्ये मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई झाली आणि नियम मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. जी काटकसर या शहरांना नाइलाजाने शिकावी लागली, ती विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते.

भावांनी दोन बादल्या भरून आणल्या. थोरल्याने लगेच लोटा बुचकळला, तोच आजोबांनी त्याचा हात धरला.

“थांब. गाडी आताच फिरून आली आहे. इंजीन आणि सायलेन्सर तापलेले आहेत. तापलेल्या लोखंडावर गार पाणी घालू नये. आणि हातही भाजेल. गाडी आधी आंब्याच्या सावलीत उभी कर. उन्हात पाणी झटकन वाळते आणि त्याचे डाग राहतात. जागा मात्र हातपंपापासून दूरची घे. तिकडे शोषखड्डा आहे, त्याच्या बाजूस उतार असू दे.”

गाडी निवेपर्यंत आजोबांनी धाकट्याच्या हाती बांबूची एक काडी दिली. चाकांवरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूस चिखलाचे थर वाळून बसले होते. ते त्याने काडीने टोकरून काढले. लोखंडी खिळ्याने टोकरले असते, तर रंग निघाला असता आणि उघड्या पत्र्याला गंज धरला असता. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले, की गंज चढतो. चिखलाचा थर आपल्या पोटात ओल धरून ठेवतो. म्हणून वरून चकचकीत दिसणारी गाडीही आतल्या बाजूने गंजत जाते. जो चिखल दिसतो, त्याच्यापेक्षा जो दिसत नाही, तोच अधिक घातक असतो.

थेंबभरही पाणी न लागता टोपलीभर माती निघाली. तेवढ्यात टाकीवरची धूळ पुसावी, म्हणून थोरल्याने खांद्यावरचा कोरडा पंचा उचलला.

“कोरड्या फडक्याने धूळ पुसू नको रे!” आजोबा म्हणाले. “ती धूळ नव्हे, ती रेती आहे.”

आजोबांचे म्हणणे अगदी बरोबर होते. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली पदार्थांचा कठीणपणा मोजण्यासाठी एक ते दहा अशी श्रेणी ठरवली. सर्वांत मऊ अशा शंखजिऱ्याला एक आणि हिऱ्याला दहा. या श्रेणीत काचेचा क्रमांक साडेपाचच्या आसपास आहे आणि रेतीतील गारगोटीचा सात. म्हणजे रेतीचा कण काचेवरही ओरखडा काढतो. मग गाडीच्या रंगाची काय कथा? धूळ भरलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे रंगावर घासकागद फिरवणेच होय. धानाच्या तणसातही सिलिका हा गारगोटीचाच पदार्थ असतो. म्हणून तणसाचा बोळा टायर घासण्यास चांगला. पण रंगावर, काचेवर किंवा दिव्यावर तो कधीही लावू नये.

मग आजोबांनी एक जुने धोतर मागवले. ते एका लोट्याच्या पाण्यात भिजवून, जेथे चिखल वाळून घट्ट बसला होता तेथे पसरण्यास सांगितले. दहा-पंधरा मिनिटांत ओल आतपर्यंत मुरली आणि चिखल आपोआप मऊ झाला. नळीचे पाणी जोराने काम करते. ओले कापड वेळ देऊन काम करते. ज्याच्यापाशी पाण्याचा जोर नाही, त्याने वेळेचा उपयोग करावा, हीच यातील युक्ती आहे.

आता पाण्याची पाळी आली. आजोबांनी तीन नियम सांगितले. पहिला नियम, धुण्यास वरून आरंभ करावा. वरचे पाणी खाली येते आणि खालच्या भागाला न सांगता भिजवत जाते. खालून आरंभ केला, तर धुतलेला भाग पुन्हा घाण होतो. दुसरा नियम, मळके फडके बादलीत बुडवू नये. एकदा का बादलीत रेती गेली, की ते पाणी स्वच्छ करण्याऐवजी ओरखडे काढू लागते. फडके पिळण्यासाठी वेगळे घमेले घ्यावे आणि त्यात लोट्याने पाणी घालावे. तिसरा नियम, फडक्याची चारपदरी घडी करावी. अशी घडी उलटून-पालटून वापरली, तर एकाच फडक्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली, की दुसरी घ्यावी.

थोरल्याने टाकीवर लोट्याने बारीक धार सोडली आणि पाठोपाठ ओले फडके हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवले. साबण फक्त इंजिनाखालच्या तेलकट भागाला आणि तोही अगदी थोडा लावला. पहिली बादली संपली, तेव्हा चिखल उरला नव्हता. दुसऱ्या बादलीतील स्वच्छ पाण्याने त्याने गाडी खंगाळली. पाणी वाळण्याची वाट न पाहता सुती फडक्याने सांधे आणि नट कोरडे केले. बादलीत अजून चार लोटे पाणी शिल्लक होते.

“हे माझ्या सायकलीला!” धाकटा ओरडला.

चार लोट्यांत सायकल धुऊन निघाली. साखळीला मात्र त्याने पाणी लावले नाही. साखळीवरच्या तेलात धूळ मिसळली, की तिची खळ बनते आणि ती दाते झिजवते. म्हणून त्याने एका चिंधीवर तेलाचे काही थेंब घेतले, चिंधी साखळीच्या खालच्या बाजूस धरली आणि पायडल हळूहळू उलटे फिरवले. बोटे दातांपासून दूर ठेवण्यास तो विसरला नाही. तेलकट चिंधी त्याने उकिरड्यावर किंवा तलावाच्या वाटेवर न फेकता एका जुन्या डब्यात ठेवली; तीच पुढच्या वेळीही उपयोगी पडणार होती.

“झाले!” असे म्हणून दोघे भाऊ मागे सरून उभे राहिले. गाड्या खरोखरच चमकत होत्या.

आजोबा उठले, सायकलीच्या मागे गेले आणि खाली वाकले. सीटखालच्या लाल रिफ्लेक्टरवर चिखलाचा एक थर तसाच होता.

“टाकी दहादा पुसलीत,” ते म्हणाले, “आणि हे राहिले? संध्याकाळी शिकवणीहून परततोस, तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुझी टाकी दिसत नाही आणि रंगही दिसत नाही. त्याला दिसतो तो एवढा लाल ठिपका. तोही चिखलाखाली असेल, तर तू त्या रस्त्यावर नाहीसच, असे तो समजेल.”

दोघांच्याही चेहऱ्यावरचे हसू मावळले. जंगलातून जाणारा रस्ता, पावसाळी अंधार आणि मागून येणारे वाहन धाकट्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. रिफ्लेक्टरच्या आत अनेक बारीक कोन असतात. ज्या दिशेने प्रकाश येतो, त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. त्याला ना बॅटरी लागते, ना तेल. लागते ती फक्त स्वच्छता. धाकट्याने ओल्या फडक्याचे एक टोक त्यावर फिरवले. ओंजळभरही पाणी लागले नाही. मग थोरल्याने मोटारसायकलीचा पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, वळण दाखवणारे दिवे आणि आरसे पुन्हा एकदा पुसले.

“आता ध्यानात ठेवा,” आजोबा म्हणाले, “पाणी दोन बादल्या असेल, तर सगळी गाडी धुवा. एकच लोटा असेल, तर दिवे, आरसे आणि रिफ्लेक्टर पुसा. बाकीची गाडी मळकी राहिली, तरी चालेल. आणि हो, ब्रेकमध्ये पाणी गेले असेल. मोकळ्या जागेत गाडी सावकाश चालवून दोन-तीन वेळा ब्रेक हलकेच दाब. ते नीट लागतात, याची खात्री झाल्यावाचून रस्त्यावर जाऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या गेल्या. धाकट्याने आपल्या सायकलीच्या रिफ्लेक्टरलाही हळदकुंकवाचे बोट लावले आणि लगेच ते पुसून टाकले. ते पाहून आजोबा हसले. संध्याकाळी गुरे तलावावर गेली आणि रोजच्याप्रमाणे काठाशी मान वाकवून पाणी प्याली.

मुलांनो, स्वच्छतेला पुष्कळ पाणी लागते, असा आपला समज असतो. वास्तविक तिला लागतो तो थोडा विचार, थोडा धीर आणि कामाचा क्रम. घाण एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी टाकणे ही स्वच्छता नव्हे. गाडी उजळली आणि तलाव मळला, तर आपण काय मिळवले? आपली वस्तू स्वच्छ करताना सर्वांची वस्तू मळणार नाही, एवढी काळजी जो घेतो, तोच खरा स्वच्छ माणूस होय.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) ‘मामा तलाव’ हे नाव कशावरून पडले?
(आ) लातूर शहराला २०१६ साली पाणी कोठून व कसे नेण्यात आले?
(इ) साखळीला पाणी न लावता ती कशी स्वच्छ करावी?

२. कारणे द्या :
(अ) धूळ भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसू नये.
(आ) गाडी धुण्यास वरून आरंभ करावा.
(इ) तापलेल्या गाडीवर पाणी घालू नये.

३. ‘एकच लोटा असेल, तर दिवे, आरसे आणि रिफ्लेक्टर पुसा,’ असे आजोबा का म्हणाले? आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : काटकसर, दुर्मीळ, अपायकारक, मुरणे, नासवणे.

५. उपक्रम : आपल्या घरची सायकल मोजून अर्ध्या बादली पाण्यात धुऊन पाहा. किती लोटे पाणी लागले, काय आधी केले व काय मागून केले, ते वहीत टिपून ठेवा आणि वर्गात वाचून दाखवा.